माझ्या बारीला विहिरीत काय झालं

ज्यांच्या विहिरीत इंजिन उतरवलेलं आहे त्यांनी हे आधी वाचावं. बाकीच्यांनी सवडीनं वाचलं तरी चालेल.

मला लिहायची सवय नाही. मी गावातल्या दूध डेअरीवर दुधाची डिग्री बघणारा माणूस. त्यात मधल्या काही महिन्यांचा माझ्या डोक्यात असा गुंता झालाय की विचारू नका. काही गोष्टी मला आठवतात. काही दुसऱ्यांनी सांगितल्या. काही मला लख्ख आठवतात, पण घरचे शपथेवर सांगतात की तसं काही झालंच नाही. कोणती गोष्ट कोणत्या जातीची ते जमेल तिथं सांगत जाईन. चुकलो तर सांभाळून घ्या. घरच्यांनी लई सांभाळून घेतलंय, तुम्ही थोडं घ्या.

आमचं गाव तेलगावापासून आत. तिथं आठ-दहा घरांची मिळून एक विहीर आहे, विहिरीची सोसायटी आहे आणि सोसायटीचे चेअरमन नाना आहेत. नाना माझे भावकीतले चुलते. गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. त्या उन्हाळ्यात पाणी इतकं खाली गेलं की काठावरचं डिझेलचं इंजिन नुसती हवा ओढायला लागलं. लाईट तर नावालाच होती, त्यामुळं विजेच्या मोटारीचा भरवसा नव्हता. मग यारी, म्हणजे विहिरीवर लावतात ती क्रेन, आणून इंजिनच विहिरीत सोडलं. निम्म्याच्या खाली कातळाचा एक टप्पा आहे, त्यावर बसवलं. ज्याची बारी असेल त्यानं कडेच्या दगडी पायऱ्यांनी उतरायचं, हँडल मारायचं, वर यायचं. इंजिन बंद पडलं की पुन्हा उतरायचं.

बारी म्हणजे पाण्याची पाळी. दुष्काळात बारी हीच इस्टेट. एक चुकली तर पुन्हा येईपर्यंत मोसंबीची पानं गळून जायची. म्हणून अंगात ताप असला तरी माणूस आपल्या बारीला उतरायचाच, आणि खाली काय झालं ते वर येऊन सांगायचा नाही. "मला जमंना" असं कुणी म्हणालं की शेजारचा लगेच म्हणणार, "मग तुमची बारी आमाला द्या." असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. पण सगळे पाळायचे, मीही पाळायचो.

*

त्या दिवसाचं माझ्याकडं फार थोडं आहे. इंजिन बंद पडलं होतं. डिझेल संपलं असणार म्हणून मी कॅन घेऊन विहिरीकडं गेलो. काठावर चप्पल काढली. विहिरीतून एक पारवा फडफडत वर आला. त्यानंतर एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं काहीच नाही.

त्यातला पारवाही खोटा निघाला. बायको म्हणते, "इंजिन उतरवल्यापासून पारवे हुतेच कुठं हिरीत? कवाच गेलते." आता तो पारवा मला आजही दिसतो, त्याच्या पंखावरची काळी पट्टीसुद्धा दिसते. काय करायचं सांगा.

बाकीचं लोकांकडून कळलं, आणि प्रत्येकाकडून वेगळं. माझा धाकटा भाऊ सुदाम म्हणाला, दादा तू ऊन लागून पडलास. माय म्हणाली, आसरांचा कोप झाला. आमच्या विहिरीत कोनाड्यात सात आसरांचे शेंदूर लावलेले दगड आहेत, पाण्याच्या देवता त्या. त्यांच्या डोक्यावर इंजिन धडधडत ठेवलं तर त्या काय आशीर्वाद देतील का, असं तिचं म्हणणं. शेजारचा तुकाराम म्हणाला, पाय घसरला. माझी बायको मीरा काहीच म्हणाली नाही. सगळ्यात आधी तीच पोचली होती, आणि तीच गप्प.

दवाखान्यात सुदामनं "ऊन लागून चक्कर आली" असंच सांगितलं. इंजिनाचं नाव काढलं नाही. त्याला मी दोष देत नाही. पोलिसांची भानगड झाली आणि विहिरीला कुलूप लागलं तर सगळ्यांच्याच बागा जळाल्या असत्या. डॉक्टरांना जे सांगितलं त्यावर त्यांनी उपचार केले. सलाईन लावलं, डोक्याला पडलेली खोक शिवली, आणि मी चालायबोलायला लागल्यावर घरी सोडलं.

घरी आलो तो ठणठणीत. डेअरीवर गेलो. लोक म्हणाले, लक्ष्मणा, दुसरा जन्म झाला तुझा. मी चहा पाजला. विहिरीत मात्र भीतीनं कुणी उतरेना. गावात टँकर यायला लागला, इंजिन खाली टप्प्यावर तसंच बसून राहिलं.

*

आता पुढचं जरा लाजिरवाणं आहे, पण सांगितलंच पाहिजे. कुणाच्या घरात असं झालं तर त्यांनी त्या माणसाला वेडा ठरवू नये, त्याला बाहेरचं लागलंय म्हणूनही बसू नये.

दोन-तीन आठवडे बरे गेले आणि मग माझं बिनसायला लागलं. आधी डेअरीवर. काचेची डिग्री दुधात सोडायची आणि आकडा वाचायचा, हे काम मी झोपेत करीन. त्या दिवशी डिग्री सोडली आणि बघतच राहिलो. आकडा दिसत होता, पण त्याचं काय करायचं ते कळेना. माणसं रांगेत उभी. कुणीतरी म्हणालं, "काय लक्ष्मणराव, दुधात तोंड बघताय का?" सगळे हसले, मीही हसलो.

मग पाय. पाऊल उचलेना, जमिनीला चिकटल्यासारखं घासत चालायचो. मग एकदा शेजारच्या घरात जाऊन भाकरीची वाट बघत बसलो. तुकारामच्या बायकोनं बिचारीनं वाढलंही. मग स्वयंपाकघरात चुलीपाशी उभ्यानं लघवी केली. माझी मुलगी पूजा दारात उभी होती. तिचं नाव मला येईना, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती की ते तोंड मी अजून विसरलो नाही. एवढं सगळं विसरलो, तेवढंच राहिलं. देवाच्या निवडीला काय म्हणावं.

मायनं अंगारा लावला, लिंबू उतरवलं. मीरा सुदामला म्हणाली, "भाऊजी, गाडी बघा. बीडला जायाचं."

*

निदान झालं तो दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. बाई डॉक्टर होत्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी मला विचारलं, आज वार कोणता. मी म्हणालो, बाजार. त्या म्हणाल्या, बाजार कोणत्या वारी असतो. मी म्हणालो, वडवणीला. एवढं बरोबर सांगूनही त्या तोंड का पाडतात ते मला कळेना, आणि मला राग आला.

मग त्यांनी घरच्यांना विचारलं, मागं काही झालं होतं का. सुदाम म्हणाला, ऊन लागलं होतं. मीरा इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "खोटं हाय. हिरीत इंजिन हुतं. चालून बंद पडलं हुतं. त्याच्यानंतर ह्ये उतरले."

सुदाम म्हणाला, "वहिनी."

"कावून लपवायचं आता?" मीरा म्हणाली. "मानूस चाललाय माझा."

डॉक्टर एकदम सावध झाल्या. किती वेळ चाललं होतं, धूर दिसत होता का, कितीजण उतरले. सुदाम म्हणाला, "धूर नव्हता मॅडम. अन् आमी कंदील सोडून बघितलता. चांगला जळत हुता."

तुम्हाला ठाऊकच आहे, विहिरीत हवा बरी आहे का हे बघायला कंदील दोरीनं खाली सोडायचा. विझला तर उतरायचं नाही, जळत राहिला तर खुशाल उतरायचं. आमच्या बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. आणि जुन्या बंद विहिरीपुरतं ते बरोबरही असेल. पण डॉक्टर म्हणाल्या, "इंजिनातून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नसतो, वास नसतो. धूर निवळला तरी तो खाली राहतो. त्यानं कंदील विझत नाही. कंदील जळत असतो आणि माणूस पडतो."

हे वाक्य मीरानं मला नंतर सांगितलं, तेव्हा कुठं मला कळलं. त्यावेळी मी पंख्याकडं बघत होतो. त्यांनी सांगितलं की या विषानं कधीकधी माणूस आधी बरा होतो आणि काही आठवड्यांनी डोकं असं बिघडतं. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं, पण किती आणि कधी ते सांगता येत नाही.

*

दवाखान्यातले दिवस म्हणजे सगळे एकाच दिवसासारखे. सकाळी फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या आणि "काय पाव्हणं, आज वळखता का मला?" असं विचारायच्या. ओळखलं तर खूश व्हायच्या, नाही तर उद्याचा वायदा करून जायच्या. शेजारच्या खाटेवर गेवराईकडचा एक म्हातारा होता, लकवा झालेला. त्याला बोलता यायचं नाही आणि मला आठवायचं नाही. आमचं लई जमायचं. तो बोटानं दाखवायचा, मी त्याला पाणी द्यायचो. दिल्यावर विसरायचो आणि पुन्हा द्यायचो. तोही बिचारा पुन्हा प्यायचा.

भीती कशाची वाटायची सांगू? मरायची नाही. आपण कुणाच्या तरी घरात आलोय, ही माणसं आपल्याशी चांगली वागतायत, आणि आता ती आपल्याला ओळखून हाकलून देतील, अशी काहीतरी विचित्र भीती. मीरा बाहेर गेली की मला वाटायचं, गेली ती. परत आली की वाटायचं, ही कोण.

एकदा माय भेटायला आली. मीरा औषध आणायला खाली गेली होती. मायनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाली, "लक्ष्मणा, मी सांगू नाई पर सांगते. तू खाली पडलेला, कंदील चांगला जळायला, सुदाम उतराय निघाला, अन् तुझ्या बायकूनं त्याचा पाय धरला. सोडीचना. लोकं म्हनत हुते अगं सोड, तरी सोडीना. लेकरा, कुनी आपल्या नवऱ्याला असं करतं का?"

बाकी सगळं मी विसरायचो, पण हे डोक्यात जाऊन बसलं. कारण माय येईल तेव्हा सांगायची, आणि सुदामला विचारलं तर तो खाली बघायचा. म्हणजे खरं होतं. सगळ्या गावानं बघितलं होतं. मी मीराला विचारलं, "पाय धरलाव्हता का?" ती म्हणाली, "व्हय." मी विचारलं, "कावून?" ती माझं अंथरूण झटकायला लागली.

ती बाहेर गेल्यावर मी रडलो. त्या आजारात रडू फार येतं, ते आपल्या हातात नसतं. पण त्या दिवशीचं रडू खरं होतं. घरी आल्यावर तर मी तिला सगळ्यांदेखत बोललो, "तू मला मरू घातलं हुतंस." ती भाकरी थापत होती. तिनं परातीतून हात काढला नाही. एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

*

घरी आल्यावर माझं डोकं थोडं थोडं निवळायला लागलं. पूजाचं नाव परत आलं. बैलाचं नाव त्याच्या आधी आलं होतं, त्यावरून पूजा अजून मला बोलते. पाऊल सुटं झालं. पण बोलता बोलता मधला शब्दच गायब व्हायचा.

अशात एक दिवस सुदाम आंघोळ करून नवा सदरा घालून आला. म्हणाला, "दादा, उद्यापासून इंजिन चालू करायलेत. आसरांना निवद दाखवला, हिरवी पातळं ठिवली. नानानं सांगितलं, तुझ्यानंतर ज्याची बारी हुती त्याच्यापासून सुरू."

माझ्यानंतर सुदामची होती.

मला काय झालं ते शब्दात सांगता येत नाही. इतके दिवस डोक्यात जो चिखल होता त्यातून एवढं एकच वर आलं की हा उद्या तिथं जाईल, कंदील सोडेल, कंदील जळेल आणि हा उतरेल. मी म्हणालो, "नको." तो म्हणाला, "डॉक्टरीनबाईचं मी ऐकलंय दादा, पर बाग जळाय लागलीय. अन् डिझेल भरून चालू करून लगीच वर येतो. काई व्हत न्हाई." मी म्हणालो, "मला झालं की." तो म्हणाला, "तुला येकट्यालाच झालं ना पर. बाकी कुनाला काई झालं का? महिनाभर सगळे उतरतच हुते की."

खरंच, सगळे उतरत होते. मग मलाच का झालं? आसरा? माझं नशीब? मी काही वेगळं केलं होतं का? आठवायचा प्रयत्न केला की पारवा फडफडत वर यायचा, आणि तो तर नव्हताच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डेअरीवर गेलो. सकाळी सगळा गाव दूध घालायला तिथंच येतो, बोलायचं तर तिथंच. नाना ओट्यावर बसले होते. मी रांग सोडून थेट त्यांच्यापुढं गेलो आणि म्हणालो, "नाना, इंजिन चालू करू नका."

नाना चांगल्या आवाजात म्हणाले, "लक्ष्मणा, तुझी तब्येत बरी न्हाई, घरी पड जरा. आसरांचं सगळं केलंय. सकाळीच कंदील सोडून बघितला. मस्त जळतोय."

मी म्हणालो, "कंदील..." आणि पुढं काहीच येईना. डॉक्टरांचं सगळं वाक्य मीरानं मला पाठ करून दिलं होतं, ते गेलं. वायूचं नाव गेलं. शेवटी म्हणालो, "कंदील जळतो नाना. कंदील जळत ऱ्हातो." पुन्हा तेच. कुणीतरी मागून हसलं, कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या, त्येच्या डोस्क्यावर परिणाम झालाय." आणि मला रडू कोसळलं. सगळ्या गावापुढं, लहान पोरासारखं. मी विचारलं, "कुणाला काहीच झालं न्हाई का रे? मला येकट्यालाच?"

रांगेत मीरा होती. तिनं दुधाची किटली खाली ठेवली.

"मी उतरले हुते," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "कुठं उतरलीस?"

"हिरीत. ह्ये पडल्यावर. तुमी कुनी यायच्या आदी."

आमच्यात बाईमाणूस त्या विहिरीत उतरत नाही. आसरांना चालत नाही म्हणतात. मीरा कुणाकडं बघत नव्हती, किटलीच्या झाकणाकडं बघत होती.

"ह्ये टप्प्यावर पडले हुते. मी उतरत गेले. ह्यांच्यापोतर पोचायला थोड्या पायऱ्या ऱ्हायल्या हुत्या, ह्यांचा हात दिसत हुता. अन् माझं डोस्कं गच्च झालं. पायातला जीव गेला. धूर न्हाई, वास न्हाई, काईच न्हाई. मला कळलं, अजून खाली गेले तर मीबी हितंच पडते. मग मी वर आले." तिनं झाकण दाबून बसवलं. "ह्यांला तिथं सोडून वर आले. मग वरडले. भाऊजी आले, कंदील सोडला, ते उतराय निघाले. कंदील जळत हुता, पर खाली काय हाय ते मला म्हाईत हुतं. म्हनून पाय धरला. म्हनलं, लिंबाचे डहाळे बांधा, दोरानं वरखाली करा, हवा हलवा, मग कमरंला दोर बांधून उतरा. तवर सोडलं न्हाई."

एक म्हातारा पुटपुटला, "बाई उतरली म्हनूनच..."

"गप बसा तात्या," सुदाम म्हणाला. "ते पडल्यावर उतरली ती. अन् मला दादाला काढून आणल्यावर दोन दिस ओकाऱ्या हुत हुत्या. डोस्कं फुटाय आलतं. डहाळे हलवले नसते तर मीबी तिथंच ऱ्हायलो असतो. वहिनी, मी कुनालाच सांगितलं न्हाई. पुढची बारी माझी हुती."

मग तुकाराम बोलला. त्याच्या बारीला तो टप्प्यावर टेकला होता आणि त्याला उठताच येईना, कसाबसा रांगत वर आला होता. त्याला वाटलं, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून. मग दुसरा बोलला. त्याला सगळं दुहेरी दिसलं होतं, त्याला वाटलं चष्मा लागला. आणखी एकजण पायरीवरून घसरला होता आणि घरी म्हशीनं मारलं म्हणून सांगितलं होतं. एकेकजण बोलायला लागला. मी डोळे पुसत ऐकत होतो आणि मला एवढं हलकं वाटत होतं की काय सांगू. मी एकटा नव्हतो. आसरांचं माझ्याशी काही वाकडं नव्हतं.

नाना म्हणाले, "येवढं समद्यांला झालं अन् येकानंबी कावून तोंड उघडलं न्हाई बे?"

तुकाराम म्हणाला, "बारी गेली असती नाना."

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "माझ्या गड्यानं सांगितलं हुतं मला. म्या म्हनलं, कामचुकार हायेस." मग टोपी परत घातली. "आजपासून जो सांगंल त्याची बारी जानार न्हाई. त्यानं सांगितलं म्हनून कुनी त्याची बारी मागितली, तर मागनाऱ्याची जाईल."

*

इंजिन वर काढलं. ते फुकट झालं नाही. लाईट असेल तेवढा वेळ मोटारीवर जेवढं पाणी मिळालं तेवढ्यात भागवलं. बरीच झाडं गेली. माझी गेली, सुदामची गेली, नानांचीही गेली. सुदाम अजून कधीकधी त्या मोकळ्या वाफ्यांकडं बघत उभा राहतो.

पण डेअरीवर बोलायची सवय लागली ती लागलीच. कडबाकुट्टीत कुणाची बाही अडकता अडकता राहिली, फवारणी करताना कुणाला गरगरलं, की सकाळी दूध घालताना तो सांगतो. कुणी हसत नाही असं नाही, हसतात. पण ऐकतात. दुधाचा टेम्पोवाला ते पुढच्या गावाला नेतो. वडवणीच्या बाजारात एक अनोळखी माणूस मला शोधत आला, कंदिलाचं खरं का म्हणून विचारायला. त्याच्या सोयऱ्यांत एक पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, त्याच्यामागं तिसरा. तो म्हणाला, "तवाबी कंदील जळत हुता." मी त्याला चहा पाजला, दुसरं काय करणार.

म्हणून हे लिहिलं. आपापल्या डेअरीवर वाचून दाखवा. इंजिन खाली सोडू नका. सोडलेलं असेल तर वर काढा. कंदिलावर भरोसा ठेवू नका, तोंडाला ओलं फडकं बांधून उतरलं तरी उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाल्या. कुणी पडला तर त्याच्यामागं धावत उतरू नका, कितीही जवळचा असला तरी. आणि दवाखान्यात खरं सांगा. मी अजून कधीकधी शब्द विसरतो, डिग्रीचा आकडा दोनदा वाचतो. पण वाचतो.

त्या दिवशी डेअरीवरून घरी येताना मीरा पुढं आणि मी मागं. माझी चाल अजून हळू होती, ती मधेमधे थांबायची. मी म्हणालो, "येवढं सगळं मनात ठेवलंस. मला तरी सांगायचं हुतंस. मी तुला काय काय बोललो."

ती म्हणाली, "सांगितलंय की."

"कधी?"

"दवाखान्यात. किती डाव सांगितलंय. दुसऱ्या कुनाला सांगायची सोय न्हवती. तुमाला सांगितलं की मन हलकं व्हायचं, अन् तुमी इसरून जायचात. मग मायचं ऐकायचात अन् माझ्यावर उखडायचात."

मला काहीच आठवत नव्हतं. मी रस्त्यातच उभा राहिलो. विचारलं, "मग मी काय म्हणायचो? तू सांगितलंस की?"

तिनं किटली या हातातून त्या हातात घेतली.

"दर डावाला येकच म्हनायचात," ती म्हणाली. "बरं केलंस, वर गेलीस ते."